कमी पटाच्या शाळांचा प्रश्न आला कुठून

कमी पटाची शाळा म्हटलं की लोकांना वाटतं गाव ओस पडलं म्हणून शाळा ओस पडली. तसं काही ठिकाणी झालंय, पण यातल्या कितीतरी शाळा मुळात छोट्या वस्तीसाठीच काढल्या होत्या, तिथे पट वाढणार तरी कुठून. 2000 च्या आसपास राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या, पाडे, तांडे, धनगरवाडे, जिथून गावातली शाळा लांब पडायची तिथे कुणाच्या ओसरीत नाहीतर देवळात वर्ग भरायचा आणि त्याच भागातलं शिकलेलं कुणीतरी तुटपुंज्या मानधनावर शिकवायचं. पुढे त्या रेग्युलर शाळा झाल्या, शिक्षक कायम व्हायला मात्र 2014 उजाडलं. दरम्यान 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी असा नियम आला.

मग डिसेंबर 2017. दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं. कारण दिलं गुणवत्तेचं, म्हणजे चार-पाच मुलांत ना खेळ होतो ना एकत्र शिकणं. हे अगदीच खोटं नाही, एका मास्तरनं चार इयत्ता सांभाळायच्या, वर मीटिंगा, ऑनलाइन माहित्या आणि पोषण आहाराचा हिशोब. पण खरी मेख अंतराची आहे. कागदावरचा एक किलोमीटर ओढ्यापलीकडून असेल तर पावसाळ्यात लांबचा वळसा पडतो, सहा वर्षांचं पोर एकटं जाऊ शकत नाही, आई सकाळीच मजुरीला गेलेली, मग पोचवायला मोठी बहीण जाते आणि तिची शाळा बुडते. वाहतूक भत्ता आहे, पण त्या वाटेला गाडीच नसेल तर पैसे घेऊन करायचं काय? पाच मुलं म्हणजे आकडा लहान दिसतो, त्या वस्तीची मात्र ती सगळीच मुलं असतात. विरोध बराच झाला.

सप्टेंबर 2023 ला तोच विषय समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, या नावाने परत आला, आता मर्यादा दहावरून वीसवर गेली आणि उदाहरणं दिली नंदुरबारमधल्या तोरणमाळ आणि पुण्यातल्या पानशेतच्या अशा शाळांची. तोरणमाळची शाळा निवासी आहे हे इथे फार महत्त्वाचं, कारण राहायची सोय असेल तर अंतराचा प्रश्नच वेगळा होतो, आणि वस्तीवरच्या मुलांना तशी सोय आधी द्या एवढंच पालक मागत होते. शाळा बंद करणार नाही असं सांगितलं गेलं खरं, पण मार्च 2024 मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही अशी वेळ आली.