इतिहास मंडळाचं प्रदर्शन आणि सरकारी म्युझियम, यात नेमका फरक काय?

काचेच्या पेट्या दोन्हीकडं असतात, जुनी नाणी दोन्हीकडं असतात, भिंतीवर फोटो आणि खाली माहितीची पट्टी हेही दोन्हीकडं असतंय, त्यामुळं आपल्याकडं दोन्हीला सरसकट म्युझियम म्हणायची सवय पडलीये. तालुक्याच्या टाउन हॉलमध्ये इतिहास मंडळानं तीन दिवसाचं प्रदर्शन मांडलं तरी लोक म्हणतात "म्युझियम आलंय", आणि तेरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालातल्या सरकारी म्युझियममध्ये जाऊन आलेला माणूस म्हणतो "प्रदर्शन बघून आलो". बोलायला ठीक आहे, पण आजोबांच्या ट्रंकेतले कागद कुणाकडं द्यायचे, शेतात मिळालेलं नाणं कुणाला दाखवायचं, पोराला प्रोजेक्टसाठी कुठं न्यायचं असं काही समोर आलं की हा फरक माहीत असावाच लागतो, नाहीतर एखादी चांगली वस्तू कायमची हातची जाते. मराठवाड्यात असं लई झालंय.

आधी म्युझियमचं बघू. म्युझियमची खरी ओळख शोकेसमध्ये नाही, आतल्या रजिस्टरमध्ये असते. तिथली प्रत्येक वस्तू नोंदवलेली असते, तिला नंबर असतो, कुठून आली, कधी आली, कुणी दिली, कशाची आहे, कुठं तुटलेली आहे हे लिहिलेलं असतं. ती वस्तू संस्थेच्या मालकीची होते, साहेब बदलले तरी ती तिथंच राहते आणि हरवली तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. शिवाय बाहेर जेवढं मांडलेलं दिसतं त्यापेक्षा जास्त माल बहुतेक वेळा आत कपाटात असतो, तोही म्युझियमच आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तेर. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी, गोरोबाकाकांचं गाव. हेच जुनं तगर. पेरिप्लस नावाचं जे ग्रीक भाषेतलं प्रवासवर्णन आहे, साधारण पहिल्या शतकातलं, त्यात लिहिलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि या दोन्ही गावांचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा. त्या काळचं काय काय तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीतून पावसाळ्यात वर यायचं, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, दिवे, नाणी, आणि तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वर्षानुवर्षं गोळा करून ठेवलं. एका माणसाचा छंद म्हणून तो साठा राहिला असता तर दोन पिढ्यांत वाटण्या होऊन संपला असता, पण तो शासनाकडं गेला आणि आज त्यांच्याच नावानं तिथं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, हजारो वस्तूंचं. तेरची हस्तिदंती बाहुली तर जगात गाजलेली, कारण इटलीत पॉम्पेईला 1938 मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली तिच्याशी ती जुळते. पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालयही असंच एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलेलं. म्हणजे आपल्याकडची ही दोन्ही म्युझियम आधी घरातला संग्रह होती, नोंदी झाल्या, मालकी बदलली, तेव्हा ती म्युझियम झाली. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणारे लोक दर्शन घेऊन, जेवून परत निघतात आणि त्याच गावात दोन हजार वर्षं जुनी मातीची खेळणी ठेवलीत हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

आता प्रदर्शन. इथल्या वस्तू बहुतेक उसन्या असतात. मंडळाच्या सरांनी, गुरुजींनी, चार हौशी पोरांनी घरोघरी फिरून आणलेल्या, कार्यक्रम संपला की ज्याच्या त्याच्या घरी परत. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास शाळा-कॉलेजात, वाचनालयात अशी प्रदर्शनं लागतात ती आठवा. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि 17 ला निजामानं शरणागती जाहीर केली हे सगळ्या फ्लेक्सवर असतं, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचे फोटोही असतात. पण त्या फ्लेक्सच्या शेजारी टेबलावर जे ठेवलेलं असतं ना, ते कोणत्याच मोठ्या म्युझियममध्ये मिळायचं नाही. कुणाच्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून 1972 ला मिळालेला ताम्रपट, कुणाच्या घरची हाली सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या चलनाची, नोट जिच्यावर उर्दूबरोबर मराठी, कानडी, तेलुगूही छापलेलं असतं, चारमिनारचं चित्र असलेलं नाणं, जेलमधून आलेलं पोस्टकार्ड. आणि टेबलामागं त्या घरचीच माणसं उभी असतात. आजी सांगत असतात की आमचे मालक बार्शीकडं स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पला गेले होते, घरी येताना रात्रीच यायचे. हे तीन दिवसच असतं. चौथ्या दिवशी हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वेळ एकाच गोष्टीला असेल तर आधी प्रदर्शनाला जावं, म्युझियम पुढच्या महिन्यात पण तिथंच असणार आहे. आणि जायचंच तर उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी हार-तुरे, पाहुण्यांची भाषणं, फोटो यातच सगळं जातं आणि ज्यांना खरं माहीत आहे ते लोक खुर्च्या लावत असतात, दुसऱ्या दिवशी दुपारी जा, तेव्हा ते निवांत बोलतात.

पण विश्वास किती ठेवायचा, इथं मोठा फरक आहे. म्युझियमच्या पट्टीवर लई कमी लिहिलेलं असतं, "मृण्मय मूर्ती, सातवाहन काळ, तेर", बास. कोरडं वाटतं, पण त्यामागं उत्खनन किंवा निदान एक नोंद असते. प्रदर्शनातली पट्टी लांबलचक असते, वाचायला मजा येते, पण त्यात ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट शेजारी शेजारी बसलेल्या असतात. "ही तलवार अमुक लढाईतली" असं लिहिलं असेल तर मांडणाऱ्या काकांना नम्रपणे विचारावं, काका, हे कशावरून? चांगलं मंडळ असेल तर ते सांगतात की घरात असं सांगत आलेत, पुरावा नाही, आणि काही मंडळं तर पट्टीवरच "कुटुंबात सांगितल्याप्रमाणे" असं लिहितात, अशा मंडळांना मानलं पाहिजे, कारण आपल्या घराण्याचं नाव मोठं करायचा मोह तिथं फार असतो.

मंडळाचे बाकीचे कार्यक्रम म्हणजे व्याख्यान, मोडीचा वर्ग, हेरिटेज वॉक. वॉकचं एवढंच सांगतो की जी वस्तू पेटीत बसत नाही ती दाखवायला वॉक असतो. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर, तिथं जमिनीखालून नळ टाकून पाणी खेळवलं ती नहर कोणत्या शोकेसमध्ये ठेवणार? नकाशा प्रदर्शनात बघायचा आणि पाणचक्कीजवळ उभं राहून पाणी कुठून यायचं ते समजून घ्यायचं.

मोडीच्या वर्गांना मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडं एकदम महत्त्व आलंय. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून गावोगाव लोक निजामकाळातले मोडी आणि उर्दू कागद घेऊन कुणी वाचून देतंय का म्हणून फिरायला लागले, आणि मंडळाचं प्रदर्शन लागलं की तिथंही पिशवीत कागद घेऊन येतात. इथं समजून घ्या की कागदासाठी तिसरीच जागा आहे. मंडळातले सर कागद वाचून अर्थ सांगतील, म्युझियमवाले फार तर बघतील, पण अधिकृत नक्कल या दोघांपैकी कुणीच देऊ शकत नाही. ती तहसील-कलेक्टर ऑफिसच्या अभिलेख कक्षातून किंवा शासनाच्या पुराभिलेख विभागाकडून, म्हणजे मूळ दप्तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. मंडळानं टाइप करून दिलेलं लिप्यंतर अर्जाला जोडून लोक हेलपाटे मारतात, ते टाळा.

आता घरात किंवा शेतात काही असेल तर. जुना कागद असेल तर लॅमिनेशन अजिबात करू नका, एकदा केलं की तो कागद परत मोकळा होत नाही आणि उष्णतेनं शाईची वाट लागते. मोबाईलवर उजेडात फोटो काढा, तो प्रदर्शनाला द्या, मूळ कागद घरी सपाट, कोरडा, उन्हापासून लांब ठेवा. कागदावर सतत प्रखर लाइट पडणं वाईटच, मोठ्या म्युझियममध्ये कागदासाठी 50 लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात, म्हणून तिथं अंधारल्यासारखं वाटतं, बिल बचत म्हणून नाही. आपल्या प्रदर्शनात मात्र मूळ सनदेवर दिवसभर फोकस मारलेला असतो. तिथं झेरॉक्स किंवा प्रिंट लावली तर बघणाऱ्याचं काहीच अडत नाही.

तांब्याचं नाणं चिंच लावून, पितांबरीनं घासून चमकवू नका, वरचा हिरवट थर गेला की अक्षरंही जातात. मारुतीच्या पारावर पडलेल्या वीरगळाला, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीच्या कोरीव दगडाला, ऑइल पेंट देऊ नका आणि प्रदर्शनाला म्हणून तो उचलूनही नेऊ नका, जागेवरून हलवला की कोणत्या गावच्या कोणत्या वाटेवर तो माणूस पडला ही अर्धी माहिती पुसली जाते. त्याचा फोटो लावा, गावाचं नाव लिहा.

जमिनीत गाडलेलं धन सापडलं, नाण्यांचं गाडगं वगैरे, तर मंडळाकडं घेऊन पळायचं नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावंच लागतं. गावात तलाठ्याला, तहसीलदारांना लेखी कळवून त्याची पोच घेतली की तुमची बाजू सुरक्षित राहते. दगडी-धातूच्या मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुन्या असतील तर 1972 चा पुरावशेष कायदा लागतो, त्यांची नोंदणी करावी लागते, हस्तलिखित तर 75 वर्षं जुनं असलं तरी पुरावशेष ठरू शकतं. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी तपासावं, नाहीतर हौसेनं मांडलेल्या मूर्तीमुळं देणारा आणि मांडणारा दोघंही अडचणीत येतात.

आणि वस्तू देताना शब्दावर देऊ नका, देणारा घेणारा कितीही जवळचा असला तरी. प्रदर्शनाला देताय तर वहीत लिहून घ्या, वस्तू काय, वजन-माप किती, कुठं चिरलेली आहे, परत कधी, सोबत फोटो आणि दोघांच्या सह्या. म्युझियमला देताय तर ते दान आहे हे घरातल्या भावा-बहिणींशी आधी बोलून घ्या, कारण ती परत येत नाही, आणि नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मंडळ म्हणालं की "आमच्याकडं कायमची ठेवा, पुढं म्युझियम करायचंय" तर दोन गोष्टी विचारा: संस्था रजिस्टर आहे का, आणि वस्तूंचं रजिस्टर आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं तर वस्तू सध्या घरीच ठेवा आणि मंडळाच्या पोरांना बसवून ते रजिस्टर सुरू करायला मदत करा, दोनशे पानी वही आणि एक फूटपट्टी एवढ्यावर ते काम सुरू होतं.