ओटो फॉन हाब्सबुर्ग यांना हद्दपार कोणी केले?

ऑस्ट्रियाचे अखेरचे युवराज ओटो फॉन हाब्सबुर्ग यांना हिटलरने देशाबाहेर काढले, ही समजूत खरी नाही. हाब्सबुर्ग घराण्याला हद्दपार करणारा कायदा एप्रिल १९१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या प्रजासत्ताकानेच केला. तेव्हा ओटो जेमतेम ६ वर्षांचे होते. १९३५ मध्ये उठवलेली ही हद्दपारी नाझींनी १९३८ मध्ये ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर पुन्हा लादली आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला. त्याआधी, त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला ओटोंनी ऑस्ट्रियाचे चान्सलर (सरकारप्रमुख) शुश्निग यांना पत्र लिहून, जर्मनीपुढे आणखी झुकू नये आणि दबाव पेलवत नसेल तर चान्सलरपद आपल्याकडे सोपवावे, असे कळवले होते. राजमुकुट मात्र मागितला नव्हता. नाझींच्या पाडावानंतरही बंदी टिकली: १९६१ मध्ये सिंहासनावरचा हक्क सोडूनही अधिकृतपणे मायदेशी परतायला १९६६ उजाडले.