मंदीचा सौदा: उंध्या बदल्यापासून पुटपर्यंत

हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडला की स्वस्तात भरून काढायचा, हा मंदीचा धंदा दलाल स्ट्रीटवर फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला घेण्या-विकण्याचे करार) येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला. १९५६ च्या कायद्याने ऑप्शन्सवर, म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांवर, बंदी आणली, १९६९ मध्ये वायदे सौदेही बंद झाले. तरी बदल्याच्या वाटेने, म्हणजे हिशोब न मिटवता पुढच्या मुदतीवर नेऊन, सौदे पुढे ढकलले जातच राहिले. एरवी भाव चढेल म्हणून घेऊन ठेवणारा तेजीवाला त्यासाठी व्याज मोजायचा. शेअरचीच टंचाई झाली की सौदा पुढे ढकलण्यासाठी पैसे मोजायची पाळी आधी विकून बसलेल्या मंदीवाल्यावर. हाच उंधा बदला.

१९८२ मध्ये तो गाजला. कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी मार्चमध्ये रिलायन्सचे शेअर धडाधड विकले. कंपनीच्या बाजूच्या दलालांनी ते उचलले आणि एप्रिलअखेर बदला नाकारून थेट डिलिव्हरी मागितली. मंदीवाल्यांकडे द्यायला शेअर नव्हते. भाव भडकला, मुंबईचा बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. सौदा पुरा होईल याची हमी घेणारं कुणीच मध्ये नव्हतं, खरं दुखणं ते होतं.

औषध यायला अठरा वर्षं लागली. सेबीने या सौद्यांसाठी नेमलेल्या एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल १९९८ मध्ये आला, पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि जून २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स सुरू झाले. मार्च २००१ मध्ये दलाल केतन पारेखच्या शेअर घोटाळ्याने बाजार हादरला. त्याच जुलैत बदला गेला, शेअरवरचे ऑप्शन्स आले. नोव्हेंबरात शेअरचे फ्युचर्स. आता मध्ये सौद्याची हमी घेणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी होती, मार्जिन म्हणजे आगाऊ अनामत घेऊन.

समजा, १,००० रुपयांचा पुट, म्हणजे शेअर त्या भावाने विकण्याचा हक्क, ३० रुपये प्रीमियमने (हक्काची किंमत) घेतला. मुदत संपण्याच्या (एक्सपायरीच्या) दिवशी शेअर ९२० वर असताना तो ८० च्या आसपास विकला, तर खर्च सोडून शेअरमागे ५० रुपये सुटतात. शेअर चढला तर ३० रुपयांवर पाणी, त्यापलीकडे झळ नाही. फ्युचर विकणाऱ्याला असा आडोसा नसतो; भाव चढेल तसा रोजचा तोटा रोज भरावा लागतो.

मात्र ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरच्या सगळ्या फ्युचर्स-ऑप्शन्सना प्रत्यक्ष डिलिव्हरी लागू आहे. हाच पुट न विकता मुदत संपू दिली, तर लॉटभर, म्हणजे सौद्यात ठरलेल्या संख्येने, शेअर द्यावे लागतात. नसतील तर लिलावात विकत घेतले जातात आणि फरक पुटवाल्याच्या खात्यातून कापला जातो. नवे लोक नेमके इथेच अडकतात.