बॉर्डरवर ट्रक का अडकतो: रस्त्याचा नाही, रांगेचा हिशोब

नाशिकचा कांदा बांगलादेशात जातो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहिती, निर्यातबंदी लागली की तिकडे भाव कडाडतात. पण तो जातो कसा हे फारसं कोणी बघत नाही. जो ट्रकनं जातो तो अख्खा देश आडवा कापून पश्चिम बंगालच्या बॉर्डरवर पोचतो आणि मग उभा राहतो. आपल्याकडचं पेट्रापोल आणि पलीकडचं, बांगलादेशातलं बेनापोल ही दोन्ही देशांमधली सगळ्यात मोठी बॉर्डर, आणि वर्ल्ड बँकेच्या 2021 च्या अहवालात इथून माल पार व्हायला 138 तास लागतात असं म्हटलंय, त्यातले 28 तास नुसते माल एका ट्रकमधून दुसऱ्यात टाकायला. साधारण तेवढीच वाहतूक असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या बॉर्डरवर माल पार व्हायचं सगळं काम सहा तासांच्या आत होतं.

आता कोणीही म्हणेल रस्ता रुंद करा. तिथल्या जेसोर रोडवर जुनी अवाढव्य झाडं आहेत, ती तोडायची की नाही यावर कोर्टात बरीच वर्षं भांडण चाललं. पण खरं सांगू का, रस्ता रुंद झाला तर ट्रक रांगेत लवकर येऊन उभा राहील एवढंच.

खरा घोळ गणिताचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग नावाच्या गणितज्ञानं 1909 मध्ये कॉल्सच्या गर्दीवर पेपर लिहिला, तिथून हे रांगांचं शास्त्र सुरू झालं. समजा एका गेटवर तासाला सरासरी 20 ट्रक पास होतात आणि 16 येतात, पण वेळ पाळून नाही, कसेही. तर रांग धरून एका ट्रकला सरासरी 15 मिनिटं लागतील. 18 यायला लागले की अर्धा तास, 19 आले की एक तास, आणि साडेएकोणीस झाले की थेट दोन तास! म्हणजे गाड्या वाढल्या फक्त साडेतीन आणि वेळ झाला आठपट. गेट शंभर टक्के बिझी ठेवणं म्हणजे कार्यक्षमता असं साहेब लोकांना वाटतं, तिथंच सगळी माती होते.

दुसरी गोष्ट म्हणजे अनियमितपणा. 1961 मध्ये जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञानं दाखवलं की ट्रक झुंडीनं आले किंवा एकाची तपासणी पाच मिनिटांत आणि दुसऱ्याची पाच तासांत झाली तर सरासरी तीच असूनही रांग फुगते. त्यामुळे 2022 मध्ये बंगाल सरकारनं ऑनलाइन स्लॉट बुकिंग आणलं ते तत्त्वतः बरोबरच आहे, झुंड मोडते. फक्त त्याची फी ऐकून ट्रकवाले वैतागले, ते वेगळं.

आफ्रिकेवाल्यांनी काय केलं तर दोन रांगांची एक केली. केनिया-युगांडाच्या बुसिया बॉर्डरवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, ट्रक ज्या देशात चाललाय तिथंच एकदा थांबतो, दोन्हीकडचे कागद तिथंच होतात. शिवाय कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील, ते वाटेत उघडलं की कंट्रोल रूमला कळतं, मग प्रत्येक गाडी खोलून बघायची गरजच राहत नाही. संशय येईल तीच खोलायची.

आपला ट्रक मात्र बेनापोलच्या यार्डात जाऊन रिकामा होतो. हमाल गोणी पाठीवर घेऊन उतरवतात, मोजणी होते, मग त्याच गोणी बांगलादेशी ट्रकमध्ये चढतात. कांद्याचा तर जीवच जातो, कारण तो काढल्यावरही श्वास घेत असतो, त्यातून उष्णता आणि ओल सुटते, गाडी चालती असली तर निदान वारा लागतो, ताडपत्रीखाली उभ्या ट्रकात मधल्या गोणी गरम होऊन आधी सडायला लागतात.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रापोलला मैत्री द्वार नावाचं नवीन कार्गो गेट सुरू झालं, त्यानं गेटवरची गर्दी थोडी हलकी होईल. पण गाड्या थेट पलीकडे जाऊ देण्याचा जो करार भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूताननं 2015 मध्ये थिंफूला केला त्याला भूताननं मंजुरीच दिली नाही, उरलेल्या तिघांचंही घोडं अडलेलंच, आणि तो लागू होईपर्यंत हमालीचे ते 28 तास कुठलंच गेट कमी करू शकत नाही.