चरबीतल्या रोगप्रतिकारक पेशी

चरबीच्या पेशींच्या अधल्यामधल्या जागेत ज्या संरक्षण करणाऱ्या पेशी राहतात त्यांना चरबीतल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणतात. चरबी म्हणजे साठवून ठेवलेलं तेल, बाकी काही नाही, असं बरेच जण धरून चालतात पण तसं अजिबात नाहीये. 1994 ला लेप्टिन हे चरबीतून निघणारं हार्मोन सापडलं तेव्हाच कळलं की चरबी मेंदूला निरोप धाडते, आणि 2003 मध्ये दिसलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, ढिगाने जमतात. बारीक उंदराच्या चरबीतल्या एकूण पेशींत त्या 10 टक्क्यांच्या आसपास असतात, लठ्ठ उंदरात 40 च्या वर पण जातात.

बोकडाचं पोट उघडताना ज्यांनी बघितलंय त्यांना आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी पांढरी चरबीची जाळी माहीत असेल. तशीच आपल्याही पोटात असते, तिच्यात या पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात, आणि अपेंडिक्स फुटलं की ही जाळी तिथं जाऊन चिकटते, पू पसरू देत नाही, म्हणून सर्जन लोक तिला पोटातला पोलीस म्हणतात. म्हणजे या पेशी मुळात आपल्या भल्यासाठीच आहेत, हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे.

बारीक माणसाच्या चरबीत वातावरण शांत असतं, रेग्युलेटरी टी पेशी आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बाकीच्यांना आवरून धरतात. पण वर्षानुवर्षं खाणं जास्त आणि हालचाल कमी झाली की चरबीची पेशी फुगत जाते, तिला ऑक्सिजन पुरत नाही, काही पेशी मरतात, मग मॅक्रोफेज येऊन त्या मेलेल्या पेशीभोवती गोल कडं करून बसतात (मायक्रोस्कोपखाली ते मुकुटासारखं दिसतं) आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-6 असली रसायनं सोडतात. टीएनएफ इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही, इंटरल्युकिन-6 मुळे लिव्हर सीआरपी, म्हणजे सूज असल्याची खूण असलेलं प्रोटीन, बनवतं, आणि पोटातल्या चरबीतून सुटलेलं फॅट रक्तातून लिव्हरकडे जातं. ताप नाही, दुखणं नाही, पण या रसायनांमुळे आतली सूज चालूच, आणि शुगर, फॅटी लिव्हर, हार्टचा त्रास या सगळ्याला तिचा हातभार लागतो.

साताऱ्यात हे मी घरातच बघितलंय. आमच्या काकांचं राजपथावर दुकान, सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसून, वजन कायम 66 किलो, सगळे म्हणायचे तब्येत कशी काटक. पुतणीच्या लग्नाची पँट शिवायला टाकली तेव्हा शिंप्याने टेप लावली तर कंबर 38 इंच भरली, आणि दोनच महिन्यांनी शुगर निघाली. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर ही कमरेची हद्द धरतात, 90 म्हणजे साडेपस्तीस इंच, पण काटा तेवढा सगळे बघतात, टेप कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3, पण युडकिनच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! दिसायला बारीक, आतून चरबी, हा आपल्याकडचा नमुना.

मग ही सूज औषधाने बंदच करून टाकावी का, तर ते इतकं सोपं नाही. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी माणसांमध्ये शुगरवर म्हणावा तसा फरक पडला नाही, आणि उंदरांच्या चरबीतली सूज पूर्ण दाबली तर चरबी नीट वाढत नाही, फॅट लिव्हरमध्ये जाऊन साठतं. वजन उतरलं, चालणं वाढलं की पोटातली चरबी घटते, मॅक्रोफेजही कमी होतात पण सावकाश. काका रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला जायला लागले त्याला आता दीड वर्ष झालं, वजन 63 आहे, आणि तीच लग्नातली पँट परवा शिंप्याकडे आत घ्यायला दिली.