पोपट दुकानात नेणार असाल, तर प्रवासी पिंजरा घेण्याआधी हे वाचा

कॉकॅटिल, लव्हबर्ड, कॉन्युअर असे पक्षी स्वतःच्या दुकानात किंवा ऑफिसात सोबत नेण्यासाठी आमच्याकडून पिंजरा घेणारे ग्राहक वाढले आहेत, आणि आम्हाला ते पटतं. दिवसभर एकटा राहिलेला पक्षी ओरडून घर डोक्यावर घेतो, नाहीतर स्वतःची पिसं उपटत बसतो. पण गेल्या काही महिन्यांपासून आमच्या काउंटरवर एकच तक्रार येते: "भाऊ, हाऊ पिंजरा बदली द्या, पक्षी यात बसतच नाही."

पिंजऱ्यात खोट नसते. होतं असं की पिंजरा संध्याकाळी नेला जातो आणि सकाळी दुकान उघडायच्या घाईत पक्ष्याला धरून आत कोंबलं जातं. त्याने ती वस्तू आयुष्यात पाहिलेली नसते. तो जाळीवर आपटतो, पंख फडफडवतो. त्यातच एखादं नवं उगवणारं पीस तुटलं की पंचाईत, कारण वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं आणि ते सहज थांबत नाही. (असं झालंच तर थोडं कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने हलकं दाबून धरा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.) एकदा असा धसका घेतलेला पक्षी पुढे पिंजरा दिसला तरी पळतो. मग ज्या सवयीला आठवडा लागला असता, तिला महिना लागतो.

म्हणून पक्षी दुकानात नेण्याच्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पिंजरा घ्या. घरच्या पिंजऱ्याशेजारी दार उघडं टाकून नुसता ठेवून द्या. बाजरीचं कणीस आतल्या दांडीच्या टोकाला बांधा, म्हणजे ते खायला पक्ष्याला पूर्ण आत जावं लागेल. तो आपणहून आत जाऊन निवांत खायला लागेपर्यंत दाराला हात लावू नका. मग खाताना क्षणभर दार लावा, उघडा. पुढे पिंजरा उचलून घरात फिरा, जिना उतरा, गाडीवरून गल्लीत एक चक्कर मारा. दुकानाची पहिली भेट सुट्टीच्या दिवशी असू द्या. शटर तुम्ही आधी वर करा, पक्षी नंतर आत आणा. शटरच्या खडखडाटाला माणसाळलेला पक्षीही बिचकतो, आणि "आमचा उडत नाही हो" म्हणत खांद्यावर बसवून आणलेले पक्षी नेमके त्याच वेळी उडून जातात.

वापरलेला पिंजरा आम्ही परत घेत नाही, यावर काहीजण नाराज होतात. कारण साधं आहे. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिससारखा आजार दुसऱ्या पक्ष्याला आणि माणसालाही होऊ शकतो. परत आलेला पिंजरा पुसून दुसऱ्याला विकणं आमच्या मनाला पटत नाही. कडी सैल झाली, दांडी तुटली, तार निघाली, तर दुरुस्ती मात्र आम्ही करून देतो, तीही विनामूल्य.

"मोठा द्या" असाही आग्रह असतो. प्रवासात मोठा पिंजरा नडतो. शेपूट न दुमडता पक्ष्याला वळता यावं, एवढंच माप पुरे. जागा जास्त असली की गाडीच्या धक्क्याने तो आत फेकला जातो. प्रशस्त पिंजरा दुकानातच कायम ठेवा. दोन्ही एकदम घेणाऱ्यांना कापडी झाकण आम्ही शिवून देतो. आमचे पिंजरे बाजारापेक्षा महाग आहेत, कारण जाळी स्टेनलेस स्टीलची आहे. जस्ताचा मुलामा दिलेली तार पोपट चोचीने कुरतडतो आणि ते जस्त त्याच्या पोटात गेलं की विषबाधा होते.

आता जागेबद्दल. पक्ष्याची फुप्फुसं फार नाजूक असतात. जळगावात प्लॅस्टिकचे पाइप आणि चटया बनवणारे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत. अशा ठिकाणी पक्षी नेणार असाल तर आम्ही पिंजरा विकायच्या आधीच नको म्हणतो. तापलेल्या प्लॅस्टिकची वाफ आणि डाळीची धूळ, दोन्ही घातक. सराफांच्या कारागिरीच्या खोलीत तेजाबाची वाफ असते, तिथेही नको. साध्या दुकानात सकाळची अगरबत्ती आणि धूप पक्ष्यापासून लांब लावा. चहा देऊ नका, चॉकलेट देऊ नका, आणि गिऱ्हाईक कौतुकाने शेव भरवत असेल तर त्याला हात जोडून थांबवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मार्च ते जून पक्षी सकाळी लवकर न्या आणि ऊन उतरल्यावरच परत आणा. उभ्या गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. चोच उघडी ठेवून धापा टाकत तो पंख अंगापासून दूर धरत असेल, तर त्याला उष्मा झाला आहे. लगेच सावलीत न्या, पाणी ठेवा, पण कुलरचा झोत थेट अंगावर सोडू नका. रात्री दहा-बारा तास शांत झोप हवीच, त्यामुळे दुकान उशिरा बंद होत असेल तर संध्याकाळीच झाकण टाका.

आपल्याकडच्या हिरव्या, लाल चोचीच्या पोपटासाठी आम्ही पिंजरा देत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो पाळणं गुन्हा आहे. ओळखीचा, गावचा, नातेवाइकाचा म्हणून सवलत मागू नये.

माप सांगायला पक्षी आणायची गरज नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंदाजे लांबी आणि जात सांगा. बाजरीची कणसं पिंजऱ्यासोबत आम्हीच देतो.