ओठांवरचे ठिपके, आतड्यातल्या गाठी

लंडनमध्ये १८९५ साली बारा वर्षांच्या जुळ्या बहिणींची नोंद वैद्यकीय कागदपत्रांत झाली. दोघींच्या ओठांवर आणि तोंडात शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते. पुढच्या वर्षी जोनाथन हचिन्सन या नामांकित डॉक्टरांनी त्यांचं चित्रही प्रसिद्ध केलं. ठिपके दुखत नव्हते, खाजत नव्हते, त्यामुळे विषय तिथेच राहिला. पुढे त्यांतली एक बहीण विसाव्या वर्षी आतड्यात आतडं शिरून वारली, तर दुसरी ५२व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने.

या दोन्ही मृत्यूंचा ठिपक्यांशी संबंध होता. १९२१ मध्ये नेदरलँड्सच्या यान प्योत्झ यांनी एका कुटुंबात ठिपके आणि आतड्यातल्या गाठी, म्हणजे पॉलिप, पिढ्यान्‌पिढ्या जोडीने येतात हे दाखवलं. १९४९ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड जेगर्स आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण एकत्र मांडले. म्हणून आजाराचं नाव प्योत्झ-जेगर्स सिंड्रोम. १९९८ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं: १९व्या गुणसूत्रावरचं एसटीके११. पेशींच्या वाढीला लगाम घालणं हे त्याचं काम. या रुग्णांमध्ये त्याच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासूनच बिघडलेली असते. आयुष्यात एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीचा लगाम सुटतो. आतडं, जठर, स्वादुपिंड, स्तन, अंडाशय अशा अनेक ठिकाणी धोका वाढतो आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना आयुष्यात कधीतरी कर्करोग गाठतो.

ठिपके बहुधा पहिल्या काही वर्षांतच दिसतात. उन्हाने येणारे साधे ठिपके गालावर, नाकावर असतात. हे ओठांची कड ओलांडतात आणि गालाच्या आतल्या बाजूलाही असतात. पंचाईत अशी, की वयात आल्यावर ओठांवरचे ठिपके हळूहळू फिके पडतात. म्हणजे कर्करोगाचं वय जवळ येतं तेव्हा बाहेरची खूण पुसट झालेली असते. गालाच्या आतले मात्र बहुतेकदा टिकतात. त्यामुळे मोठ्या माणसाला तपासताना तोंड उघडायला लावून आत पाहावं लागतं. लहानपणी त्रास होतो तो पॉलिपचा. आतड्याच्या हालचालीबरोबर पॉलिप पुढे ओढला जातो आणि आतड्याचा भागही सोबत खेचतो. पोट अधूनमधून दुखतं, आपोआप थांबतं. आपल्याकडे अशा मुलाला जंताचं औषध देऊन मोकळं होण्याची सवय आहे. त्याआधी एकदा ओठ पाहायला काय हरकत आहे?

दुसऱ्या एका आजाराची खूण तळपायांवर असते. १९५८ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी दोन कुटुंबांची कहाणी छापली. त्यांतल्या अनेकांची तळहात-तळपायांची कातडी लहानपणी, साधारण शाळेच्या वयात, जाड पिवळसर होऊ लागे आणि मोठेपणी त्यांच्यातच अन्ननलिकेचा कर्करोग होई. जाड कातडी नसलेल्या नातेवाइकांना तो क्वचितच होई. तळपाय आणि अन्ननलिका यांचं नातं कोणाला सुचलं असतं? पण दोन्हीकडे सतत घासलं जाणारं, थराथरांचं आवरण असतं. २०१२ मध्ये दोष आरएचबीडीएफ२ या जनुकात असल्याचं कळलं. हे जनुक अशा आवरणातल्या पेशींच्या वाढीशी आणि दुरुस्तीशी निगडित आहे.

यादी इथे संपत नाही. नाक-गालांवर पांढरट बारीक पुटकुळ्यांची गर्दी मूत्रपिंडातल्या गाठींची, तर त्वचेच्या तैलग्रंथींची गाठ मोठ्या आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाची सूचना असू शकते. पण हे वाचून आरशासमोर उभं राहू नका. हे आजार दुर्मीळ आहेत. अनवाणी चालून जाड झालेल्या टाचा, चेहऱ्यावरचे वांग किंवा चामखीळ यांचा इथे काही संबंध नाही. आनुवंशिक जाड तळव्यांचेही बहुतेक प्रकार कर्करोगाशी निगडित नसतात.

खरा प्रश्न घराचा असतो: आजी कशाने गेली, काकांचं पोटाचं ऑपरेशन कशासाठी झालं? आपल्या घरांत कर्करोगाचं नाव घेणं टाळतात, ‘पोटाचं काहीतरी’ एवढंच पुढच्या पिढीला कळतं आणि नेमका दुवा तुटतो. संशय आला तर जनुकीय समुपदेशन घ्यावं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी वेगळं क्लिनिक आहे. दोष सापडला तर आतडी दुर्बिणीने वेळोवेळी तपासून मोठे पॉलिप काढता येतात. प्योत्झ-जेगर्समध्ये ही तपासणी आठव्या वर्षाच्या सुमारास सुरू करतात. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के. घरातला नेमका दोष माहीत असेल आणि एखाद्या मुलाच्या चाचणीत तो नसेल, तर त्याला या तपासण्यांची गरजच उरत नाही.